वेशीवरचे तीन लेख : बर्कलेच्या सेदर गेटविषयी

घरातली गोष्ट बाहेर फुटली की आपण म्हणतो, ती ‘वेशीवर टांगली गेली’. हा वाक्प्रचार बहुधा तक्रारीच्या सुरातच येतो. वेशीवर अब्रू टांगली जाते, कीर्ती कोणी टांगत नाही. तरीही या शब्दांत वेशीविषयीची एक जुनी जाण साठलेली आहे. वेस गावाच्या रक्षणासाठी बांधतात हे खरे. पण येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याखालूनच जात असल्यामुळे, जे सर्वांना कळावे असे वाटते ते सांगण्याची जागाही तीच ठरते. अडविणे आणि जाहीर करणे ही दोन कामे एकाच कमानीखाली चालतात.

आपल्यापैकी अनेकांच्या गावी आता वेस उरली आहे आणि कोट गेला आहे. बडोद्याचे लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे चार दरवाजे जुन्या शहराच्या चार दिशा सांगत उभे आहेत, पण त्यांना जोडणारी भिंत शोधू गेल्यास सापडत नाही. हैदराबादच्या तटाचीही तीच गत झाली. दबीरपुऱ्याचा आणि पुराना पुलाचा दरवाजा मागे राहिला. भिंत गेल्यावर दरवाजाचे काय काम उरते, हा प्रश्न अशा शहरांत राहणाऱ्या माणसाला कधी ना कधी पडतोच. बहुतेक जण ‘शोभा’ असे उत्तर देऊन पुढे जातात.

विद्यापीठांच्या आवारांतील दरवाजांपुढे हा प्रश्न अधिक अडचणीचा होतो, कारण ते प्रथमपासूनच शोभेसाठी बांधलेले असतात. विद्यापीठावर घोडदळ चाल करून येत नाही. तिथली कमान देणगीदाराचे नाव मिरविते, पदवीदानाच्या दिवशी छायाचित्राला पार्श्वभूमी पुरविते आणि माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर झळकते. म्हणूनच अशा कमानींविषयी लिहिणारे शैली, दगड आणि दाता एवढ्या तीन गोष्टी नोंदवून थांबतात. हे मूल्यमापन मला अपुरे वाटते. एका कमानीच्या आधारे त्याची अपुरी बाजू दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही कमान म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारातील सेदर गेट. या दरवाजाशी निगडित असे तीन कोरीव लेख आहेत. एक डोक्यावर आहे आणि दोन पायांखाली. ते तिन्ही एकत्र वाचल्याखेरीज या दरवाजाचा अर्थ लागत नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम डोक्यावरचा लेख. कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना १८६८ सालची. एकतीस वर्षांनी, १८९९ मध्ये, फीबी हर्स्ट या दानशूर बाईंच्या खर्चाने बर्कलेच्या आवाराच्या आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. पहिला क्रमांक एमिल बेनार या फ्रेंच वास्तुकाराला मिळाला, पण काम प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी पुढे जॉन गॅलन हॉवर्ड यांच्यावर आली. त्याच सुमारास जेन सेदर यांनी विद्यापीठाला मोठे दान दिले. त्यांचे पती पेडर सेदर हे नॉर्वेत जन्मलेले गृहस्थ. सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे कॅलिफोर्नियात येत असतानाच्या काळात ते सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पेढीवाले झाले होते, आणि विद्यापीठाची पूर्वपीठिका असलेल्या ‘कॉलेज ऑफ कॅलिफोर्निया’चे ते एक विश्वस्त होते. १८८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ हॉवर्ड यांनी आखलेला हा दरवाजा १९१० मध्ये पुरा झाला. आवारातील प्रसिद्ध उंच मनोराही याच बाईंच्या देणगीचा. मात्र तो पुरा झालेला पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

वास्तू म्हणून या दरवाजाचे गुण मान्य करावयास हवेत. ग्रॅनाइटचे चार भक्कम खांब, त्यांच्या माथ्यावर दिव्यांचे काचगोल, मधोमध रुंद वाट आणि दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी अरुंद वाटा. खांबांना जोडणारी कमान मात्र दगडाची नाही. ती धातूची, जाळीदार आणि हलकी आहे, आणि काळाने तिच्यावर हिरवट झाक चढली आहे. खांबांना वजन आणि कमानीला हलकेपणा देण्याच्या या योजनेमुळे पलीकडचे झाड, पूल आणि माणसे दरवाजातून दिसत राहतात. आपल्याकडील गडांच्या महादरवाजांची रचना याच्या नेमकी उलट असते. तिथे वाट मुद्दाम वळवून आतले दृश्य लपविलेले असते. हॉवर्ड यांनी आत येणाऱ्याला आतले आधीच दाखविले. विद्येच्या दाराला हेच शोभून दिसते. कमानीवरच्या अक्षरांत मात्र विद्येचा उल्लेख नाही. हा दरवाजा जेन के. सेदर यांनी उभारला, एवढेच ती अक्षरे सांगतात.

या अक्षरांच्या शेजाराने एक वाद निर्माण झाला. खांबांवर बसविण्यासाठी शिल्पकार मेल्विन अर्ल कमिंग्ज यांनी आठ उठावशिल्पे घडविली होती. चार नग्न पुरुषाकृती : विधी, साहित्य, वैद्यक आणि खाणकाम. चार नग्न स्त्रियाकृती : शेती, वास्तुकला, कला आणि वीज. पतीच्या स्मारकावर आपले नाव आणि त्याच्या सान्निध्यात या आकृती, ही गोष्ट जेनबाईंना मानवली नाही आणि शिल्पे उतरविण्यात आली. पुढे सुमारे सात दशके ती दृष्टीआड राहिली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती सापडून पुन्हा जागेवर बसली. या प्रकाराकडे आज कोणी हसून पाहील. मला त्यातील नग्नतेपेक्षा वाटणी लक्षणीय वाटते. सोन्याच्या खाणींवर वाढलेल्या राज्यात खाणकामाला विधी-वैद्यकाच्या पंक्तीस बसविले, हे प्रामाणिकपणाचे झाले. पण कायदा, साहित्य आणि औषध पुरुषाच्या हाती, आणि स्त्री मात्र धरित्री, कला वा विजेची केवळ प्रतीकमूर्ती, ही योजना ज्या विद्यापीठाने १८७० पासून स्त्रियांना प्रवेश खुला केला होता त्याच्या दारी जुनाट ठरते. एका स्त्रीच्या पैशाने उभ्या राहिलेल्या दरवाजावर तर ती अधिकच खटकते.

इथवर शैली, दगड आणि दाता यांची कथा संपली. दरवाजाची खरी कथा मात्र त्याच्या बाहेरच्या बाजूस घडत होती. १९१० मध्ये सेदर गेट ही आवाराची दक्षिण सीमा होती. आतल्या अंगाला स्ट्रॉबेरी क्रीक हा ओढा आणि त्यावरचा पूल. बाहेरच्या अंगाला टेलिग्राफ अॅव्हेन्यू हा शहराचा रस्ता, त्याच्या कडेने दुकाने. दरवाजाच्या आत विद्यापीठाचे नियम चालत आणि बाहेर शहराचे. १९३० नंतरच्या दशकांत विद्यापीठाने आवारातील राजकीय सभा आणि बाहेरचे वक्ते यांवर कडक निर्बंध घातले. ते इतके की १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेले अॅडले स्टीव्हन्सन बर्कलेस आले, तेव्हा त्यांना आवाराच्या कडेच्या सार्वजनिक रस्त्यावरून बोलावे लागले. मग विद्यार्थ्यांनी काय करावे? ते सेदर गेटच्या उंबरठ्यापलीकडे, शहराच्या रस्त्यावर उभे राहत आणि आतून बाहेर पडणाऱ्या आपल्याच सहाध्यायांना उद्देशून भाषणे करीत. जे वर्गात बोलता येत नव्हते ते वेशीवर बोलले जाई. शोभेसाठी बांधलेल्या दरवाजाला वेशीचे जुने काम असे आपसूक चिकटले, आणि ते ना दात्या बाईंच्या मनात होते ना वास्तुकाराच्या.

मग वेस सरकली. विद्यापीठ वाढत होते. १९४१ मध्ये दरवाजाच्या बाहेर प्रशासनाची मोठी इमारत उभी राहिली. तिलाच पुढे स्प्राउल हॉल हे नाव मिळाले. दुकानांच्या जागा विद्यापीठाने घेतल्या, टेलिग्राफ रस्त्याचा तेवढा तुकडा बंद झाला आणि १९६० च्या सुमारास तिथे फरसबंद चौक व विद्यार्थी संघाची नवी इमारत आली. सीमा दक्षिणेस बँक्रॉफ्ट वे या रस्त्यापर्यंत गेली. सेदर गेट जागचे हलले नाही, पण आता ते आवाराच्या पोटात होते. ज्या ठिकाणी उभे राहून विद्यार्थी बोलत, ती जागा आतली झाली आणि तिला आतले नियम लागू झाले.

नव्या सीमेवर कोणी कमान बांधली नाही. तिथे पदपथात धातूच्या लहान पट्ट्या बसविलेल्या होत्या. हा आपला दुसरा लेख. ही जागा विद्यापीठाच्या नियामक मंडळाची मिळकत असून तिच्यावरून जाण्यायेण्याची परवानगी केव्हाही काढून घेता येईल, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. चालणाऱ्याचे लक्ष जाणार नाही अशी ती जागा, आणि अक्षरही बारीक. पण अधिकाराच्या दृष्टीने खरा दरवाजा आता हा होता. डोक्यावरच्या कमानीने कोणाला अडविले नव्हते. पायाखालच्या पट्टीने अडविण्याचा हक्क राखून ठेवला होता.

विद्यार्थी आपली मेजे घेऊन बँक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ यांच्या नाक्यावर गेले. नागरी हक्कांच्या चळवळीसाठी निधी गोळा करणे, पत्रके वाटणे, सभासद नोंदविणे तिथे चाले. ती जागा शहराची आहे असा सर्वांचा समज होता. वास्तविक सुमारे २६ फूट रुंदीची ती पट्टी विद्यापीठाचीच होती. १९५९ मध्ये ती शहराला देण्याचे नियामक मंडळाने ठरविले होते, पण हस्तांतर कधी पुरे झाले नाही.

माझी उमेद महसुलाच्या कामात गेली, म्हणून या ठिकाणी थोडे स्वतःविषयी लिहितो. ठराव झाला पण फेरफाराची नोंद पडली नाही, अशी पट्टी प्रत्येक तालुक्यात असते. माझ्या कारकिर्दीत एका गावी हद्दीचे दगड सापडले, मोजणी झाली, आणि वीस-पंचवीस वर्षे बाजारकरी ज्या जागी बसत होते ती जागा दप्तरी सरकारी निघाली. कागद निर्विवाद होता. नोटिशीवर सही माझी होती. त्या लोकांना आम्ही ‘अतिक्रमण करणारे’ म्हटले. आदल्या दिवशीपर्यंत त्यांना गावात कोणी तसे म्हणत नव्हते. मोजणीत चूक नव्हती हे मी आजही सांगेन. पण मोजणीने जे कळले त्याहून अधिक काही त्या जागेत होते, आणि त्याचा रकाना आमच्या नमुन्यात नव्हता. बर्कलेचा इतिहास वाचताना मला ती सही आठवली.

१४ सप्टेंबर १९६४ या तारखेचे, विद्यापीठाच्या विद्यार्थी-अधिष्ठाता कॅथरीन टाउल यांच्या सहीचे पत्र विद्यार्थी संघटनांना मिळाले. ती पट्टी विद्यापीठाची असून २१ सप्टेंबरपासून तिथे मेजे मांडणे, निधी जमविणे आणि राजकीय प्रचार करणे बंद, असा त्याचा आशय होता. त्याच उन्हाळ्यात काही विद्यार्थी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीसाठी राबून परतले होते. मारिओ सॅव्हिओ हा त्यांतलाच एक. बंदीला न जुमानता मेजे मांडली गेली, आणि ती चौकात, स्प्राउल हॉलपुढे आली. १ ऑक्टोबरला जॅक वाइनबर्ग या माजी विद्यार्थ्याला पोलिसांनी मोटारीत बसविले, तोच भोवतालचे विद्यार्थी खाली बसले. मोटार ३२ तास तिथेच अडकून राहिली आणि तिच्या टपावर चढून लोक बोलत राहिले. टपाला इजा होऊ नये म्हणून सॅव्हिओने पायातले बूट काढले होते. या तपशिलाचे मला अप्रूप वाटते. व्यासपीठावर चढण्यापूर्वी पादत्राणे उतरविण्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

डिसेंबरच्या प्रारंभी स्प्राउल हॉलमध्ये ठिय्या दिलेल्या सुमारे ८०० जणांना अटक झाली. ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला, की भाषणाची वेळ, जागा आणि रीत यांचे नियमन विद्यापीठाने करावे, त्याच्या आशयावर निर्बंध घालू नयेत. जानेवारी १९६५ पासून स्प्राउल हॉलच्या पायऱ्या सभांना खुल्या झाल्या. १९९६ मध्ये सॅव्हिओ वारला. पुढल्या वर्षी त्याच पायऱ्यांना विद्यापीठाने त्याचे नाव दिले.

या आंदोलनाचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र २० नोव्हेंबर १९६४ चे आहे. नियामक मंडळाच्या बैठकीकडे निघालेला मोर्चा सेदर गेटखालून जात आहे. पुढच्या रांगेतील तरुणांनी कोट-टाय घातले आहेत, हातांत ‘मुक्त भाषण’ अशा अक्षरांचा रुंद फलक आहे आणि वर कमान आहे. या चित्रात दोन लेख एकाखाली एक आले आहेत, धातूतले दात्रीचे नाव आणि कापडावरचे दोन शब्द. दरवाजा बाहेरून आत जाण्यासाठी बांधलेला होता. आता आवाराच्या पोटातच असल्यामुळे त्याला बाहेर आणि आत राहिले नव्हते. या मोर्चाने त्याला पुन्हा दिशा दिली. शोभेच्या वास्तूचा अर्थ ती बांधली गेली त्या वर्षी पुरा होत नाही, हे ज्याला पटत नसेल त्याने हे छायाचित्र पाहावे.

मराठी वाचकाला या जागी पंढरपूरचे महाद्वार आठवल्यावाचून राहणार नाही. परंपरा सांगते, की चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असता कोसळलेल्या भिंतीखाली गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. गावाची भिंत बांधणारा माणूस जन्मभर भिंतीबाहेरचा राहिला आणि शेवटी दारात स्थिरावला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी मंदिरप्रवेशासाठी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, ते याच दाराच्या अर्थासाठी. बर्कलेच्या विद्यार्थ्यांचे दुःख आणि चोखोबांचे दुःख एका मापाने मोजणे अनुचित होईल. तुलना दुःखाची नसून जागेची आहे. ज्याला आत बोलू देत नाहीत तो दारात उभा राहतो, आणि कालांतराने दाराची ओळख बांधणाऱ्यापेक्षा त्या उभ्या राहिलेल्या माणसावरून होऊ लागते.

आता तिसरा लेख. चळवळीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा स्मारकासाठी स्पर्धा घेण्यात आली. तीत मार्क ब्रेस्ट व्हॅन केम्पेन या कलावंताची योजना निवडली गेली आणि १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत ती स्प्राउल हॉलपुढच्या चौकात साकार झाली. पाहू गेल्यास तिथे पुतळा वा स्तंभ काहीच नाही. फरसबंदीत सहा इंच व्यासाचे उघड्या मातीचे वर्तुळ आहे आणि त्याभोवती ग्रॅनाइटचे कडे. कड्यावर कोरलेल्या मजकुराचा आशय असा, की ही माती आणि तिच्यावरचे आकाश कोणत्याही राष्ट्राचे नाही आणि कोणाच्याही अधिकारक्षेत्रात येत नाही. चळवळीचे नावही त्यावर नाही. कलाकृती म्हणून मी या वर्तुळाला तिन्ही लेखांत श्रेष्ठ मानतो, कारण ते दुसऱ्या लेखाला त्याच्याच भाषेत उत्तर देते. पदपथातील पट्टीने मिळकतीची भाषा वापरली होती. इथेही मिळकतीचीच भाषा आहे, पण मालकाचा रकाना कोरा ठेवलेला. आयुष्यभर सातबारा पाहिलेल्या माणसाला त्या कोऱ्या रकान्याची किंमत कळते.

या गोष्टीचा शेवट इतका गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. १ फेब्रुवारी २०१७ रोजी एका वादग्रस्त वक्त्याची सभा याच चौकातील हिंसाचारामुळे रद्द झाली. २०२४ च्या पूर्वार्धात निदर्शकांनी सेदर गेटची मुख्य वाट फलकाने अडवून धरली, आणि आपल्याला दुसऱ्या वाटेने जावे लागते अशी इतर विद्यार्थ्यांची तक्रार होती. ज्या दारात बोलण्याचा हक्क मिळविला त्याच दारात दुसऱ्याची वाट अडविली गेली. यावर पूर्वीचेच नियम बरे होते असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. १९६४ च्या ठरावातील ‘वेळ, जागा आणि रीत’ हे तीन शब्द याच प्रसंगासाठी होते. वेशीवर बोलावे, जाणाऱ्याला थांबवून ऐकविण्याचा प्रयत्नही करावा, पण वेस बंद करू नये. बंद वेशीवर टांगलेले कोणी वाचत नाही, कारण तिथून कोणी जातच नाही.

तेव्हा सेदर गेटचे मूल्य काय ठरवावे? रेखीव बांधणीसाठी त्याला गुण द्यावेत. शिल्पांतील वाटणीसाठी काही कापावेत. पण त्याचे मोठेपण या दोहोंपलीकडचे आहे. विद्यापीठाची हद्द कुठे होती हे आज ना रस्ता सांगू शकतो ना दुकाने. ती दोन्ही गेली. हद्द सरकविणाऱ्यांनी कमान मात्र पाडली नाही, आणि म्हणून एके काळी बोलण्याची मुभा कोणत्या रेषेपासून सुरू होत असे, ते पावलांनी मोजून दाखविता येते. शोभेच्या दरवाजाने एवढे केले तरी त्याने आपले अन्न खाल्ले असे म्हणावे.

आपल्या शहरांतील दरवाजांवर वेळोवेळी रंग चढतो, दिवे लागतात, त्यांच्याखालून वाहने जातात. त्यांच्या माहितीफलकांवर बांधणाऱ्याचे नाव आणि शक असतो. तो असावाच. मात्र त्या दरवाजांबाहेर कोणाला थांबविले जाई आणि तिथे उभे राहून कोण काय बोलले, हे आपल्या घरांतील वृद्धांना अद्याप थोडेफार ठाऊक आहे. पुढल्या पिढीने दरवाजाकडे बोट करून विचारले, तर शैली आणि शक सांगून झाल्यावर तेही सांगावे.